सोंगणीच्या दिवसांतला पसंतीक्रम

सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापणीला, आलं की ते आधी कानाला कळतं. हिरवं असताना वारा आला तर नुसती पाल्याची सळसळ होते. पानं गळून शेंगा वाळल्या की तीच सळसळ खुळखुळ वाजायला लागते. मेडशीच्या आमच्या शेतात मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून बाबांना सांगायचे की नाल्याकडचं अजून ओलं आहे, दोन दिवस थांबा. कधी ते थांबायचे, कधी माझं न ऐकता सोंगायला लावायचे आणि मग ओल्या शेंगा चिवट निघाल्या की मजुरांच्या शिव्या खायचे.

यंदाही दिवाळीच्या सुट्टीत कोर्ट बंद झालं तशी मी वाशीमहून घरी आले. एसटीतून उतरले आणि नाकात कुटाराची धूळ शिरली. सोयाबीन काढल्यावर मागं उरतो तो भुसा म्हणजे कुटार. या दिवसांत तो गावभर उडत असतो, भाकरीत लागतो, केसांत बसतो, घामानं मानेला खाज सुटते. कुणाला या वासानं माहेर आठवत असेल, सण आठवत असेल. मला राग येतो. दरवर्षी येतो, आणि तो कमी होईल असं जे मला सांगत होते त्यांचा अंदाज चुकला आहे.

मी जन्मापासून आंधळी आहे. हल्ली त्यासाठी एक गोड सरकारी शब्द आहे, त्यात म्हणे आमच्या अंगी काही दिव्य असतं. असेल बापडं. लोकांना मात्र आंधळ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक शांत हसू लागतं. कुणी रस्ता ओलांडून दिला की ते हसू दाखवायचं, कुणी खुर्ची सरकवली की दाखवायचं. माझ्या चेहऱ्यावर ते नाही असं आई म्हणते. तिच्या मते मी बसल्या जागी भांडायला निघाल्यासारखी दिसते, आणि वकील झाले हे त्या मानानं बरंच झालं.

सुट्टी लागायच्या आधीची गोष्ट. एका कार्यालयानं नवीन वेबसाइट काढली आणि तिच्या उद्घाटनाला मला बोलावलं. जिल्ह्यातल्या अपंगांच्या योजना आता घरबसल्या, सर्वांसाठी सुगम, असं निवेदक सांगत होता. मला शाल दिली, नारळ दिला. नारळ मांडीवर ठेवून मी कानात इअरफोन घातला आणि ती सुगम वेबसाइट फोनवर उघडली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, माझा फोन पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते मला वाचून दाखवतो. मी बोट फिरवते, तो बोलतो. पण बनवणाऱ्यानं बटणाला नावच दिलं नसेल तर तो बिचारा काय वाचणार? तो म्हणाला, बटन. मी पुढं गेले. बटन. आणखी पुढं. ग्राफिक. बटन. योजनेची सूचना उघडली तर कागदाचा फोटो काढून चिकटवलेला होता. त्यावर फोन "इमेज" म्हणाला आणि गप्प झाला. अक्षर मोठं करायची, रंग बदलायची सोय म्हणून वर एक खास खूण होती, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. त्या खुणेवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, बटन.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या कार्यालयाच्या साहेबांना गाठलं आणि हे सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, उलट फार मायेनं बोलले. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास करून घेता? आमचा माणूस बसलेलाच आहे इथं. तो भरून देईल तुम्हाला."

आजूबाजूचे "हो ना, हो ना" म्हणाले. मला वाटलं, तो हातातला नारळ तिथंच फोडावा, आणि तो जमिनीवर फोडावा असं काही मनात नव्हतं.

भरून देतो. हे दोन शब्द मी ऐकत आले आहे ते माझं वय वाढतंय तसे वाढतायत. पूर्वी फक्त कागद भरून द्यायचे. आता बँक, गॅस, परीक्षा, दवाखान्याचा नंबर, रेल्वेचं तिकीट, सगळं त्या पडद्याच्या मागं गेलं आणि पडद्याच्या पुढं आमच्यासाठी एक-एक दयाळू माणूस बसवला. त्याला माझं सगळं माहीत पाहिजे. माझी कमाई, माझा आजार, माझं लग्न झालं का आणि नसेल तर का नाही. पासवर्ड त्याला सांगायचा. तो मोठ्यानं म्हणत म्हणत टाइप करणार, आणि मागच्या रांगेतल्या चार जणांना तो पाठ होणार.

आमच्या गावात कुणी कुणाचं काम फुकट करत नाही, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. सोंगणीच्या दिवसांत सावड चालते. आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तुम्ही. घेतलेला दिवस फेडायचा असतो. या सावडीत माझा वाटा होता, आणि तो कुणी दया म्हणून दिलेला नव्हता. हडंबा, म्हणजे आमच्याकडचं मळणीयंत्र, सुडीजवळ, सोंगून रचलेल्या ढिगाजवळ, लागला की दाणा भराभर कट्ट्यांत पडतो आणि भरलेल्या त्या पोत्यांची तोंडं शिवायला माणूस लागतो. ते काम माझं. हातात दाभण, मांडीवर सुतळी. तोंडाची घडी बोटांनी दाबून धरायची, टाका घालून ओढायचा, दोन्ही टोकांना कान सोडायचे म्हणजे उचलणाऱ्याला धरायला बरं. या कामाला डोळे लागतच नाहीत. डोळेवाल्या बाया उलट कुटारानं डोळे चोळत बसायच्या आणि मला म्हणायच्या, तुह्यं बरं हाय बापा.

शेजारच्या शेतातले लोक हडंबा लावायच्या आदल्या दिवशी घरी येऊन विचारून जायचे, पोरगी उद्या मोकळी आहे का. मग त्यांच्या घरची माणसं आमच्या वांग्याच्या वाफ्यात निंदायला येत, सांबार, म्हणजे कोथिंबीर, खुडायला, जुड्या बांधायला येत. सोयाबीनपेक्षा आमचं घर भाजीवर जास्त चालायचं, आणि भाजीला रोज हात लागतात. माझ्या टाक्यांच्या बदल्यात ते हात येत होते. हडंब्याच्या त्या आवाजात, जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं मी कट्ट्यावर कट्टा शिवत बसलेली असायची आणि कुणाला आठवतही नसायचं की हिला दिसत नाही.

म्हणूनच त्या वर्षी जे झालं ते मला जास्त लागलं असावं.

बी.ए. झालं होतं. वकिलीच्या प्रवेशपरीक्षेत चांगले गुण पडले होते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत नेमक्या सोंगणीत आल्या. मला नागपूरला जायचं होतं. नागपूरला सुनंदा होती. सुनंदा माझी अमरावतीच्या अंधशाळेतली मैत्रीण, एका ताटात जेवलेली. ती आधीच तिथं शिकत होती, मुलींच्या वसतिगृहात राहत होती, पांढरी काठी घेऊन एकटी बाजारात जात होती. आपल्या शेजारची खाट तिनं वॉर्डनबाईंच्या मागं लागून माझ्यासाठी अडवून ठेवली होती. फोनवर ती सांगायची की कॉलेजच्या ग्रंथालयात बोलणारी पुस्तकं आहेत, वाचून दाखवणारी यंत्रं आहेत, आणि संध्याकाळी कुठं गेलीस, कधी येतेस असं विचारणारं कुणी नाही. हे शेवटचं ती दोनदा सांगायची. मी तोवर एकटीनं कधी गावातल्या पिठाच्या गिरणीतसुद्धा गेले नव्हते. कुणी ना कुणी बरोबर यायचंच, मायेनं.

आता ती प्रवेशाची वेबसाइट. आधी एक चित्र. वाकडीतिकडी अक्षरं त्या चित्रात असतात आणि ती ओळखून टाकायची, म्हणजे तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात हे सिद्ध होतं. डोळे असतील तर माणूस. मी तिथंच अडले. आईला बोलावलं, आईनं एकेक अक्षर सांगितलं, ती इंग्रजी जेमतेम जाणणारी, मोठं कोणतं आणि छोटं कोणतं यात तिचा गोंधळ. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आत शिरले. आत गेल्यावर पसंतीक्रम लावायचा होता. कोणतं कॉलेज पहिलं पाहिजे, कोणतं दुसरं, कोणतं तिसरं. आणि तो लावायचा कसा, तर कॉलेजांच्या यादीतलं एकेक नाव माउसनं उचलायचं आणि ओढत ओढत हव्या त्या जागी नेऊन सोडायचं. हे मला नंतर समजलं. माझा फोन एवढंच म्हणत होता, लिस्ट. पुढं काही नाही. मग मी मालेगावला, म्हणजे आमच्या मालेगावला, नाशिककडच्या नव्हे, माझ्या बी.ए.च्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले. तिथं बोलणारं सॉफ्टवेअर सरांनी टाकून दिलं होतं. कळफलकावरची सगळी बटणं दाबून झाली. नावं हलेनात. आणि मी चाचपडत असताना मध्येच ते पान म्हणालं की तुमची वेळ संपली आहे, पुन्हा सुरुवात करा. ते एक वाक्य तेवढं त्यानं अगदी स्पष्ट वाचलं.

माउस ही वस्तू आंधळ्या माणसाच्या उपयोगाची नाही हे सांगायला फार शिकलेलं माणूस लागत नाही. बाण कुठं आहे ते दिसलं पाहिजे, तर तो न्यायचा. ज्यानं ते पान बनवलं त्याच्या डोक्यात हे एकदासुद्धा आलं नसेल? की आलं आणि तो म्हणाला, असतील चार-दोन, कुणीतरी देईल भरून?

शेवटच्या दिवशी मी बाबांबरोबर स्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. तिथं वैशाली बसायची, आमच्याच आळीतली, माझ्याहून थोडी लहान. हात चलाख. घरी सुडी लागलेली होती, हडंबेवाला उद्याचा ठरला होता, बाबांचं चित्त शेतात. सेंटरमध्ये गर्दी होती, पंखा घरघरत होता, कुणाच्या तरी कपड्यांना कुटाराचा वास येत होता, बहुतेक आमच्याच. मी वैशालीला माझा क्रम तोंडी सांगितला. नागपूर एक नंबर. मग अमरावती. मग अकोला. तिनं माउस उचलल्याचा, टेकवल्याचा आवाज ऐकू येत होता. टक, मग ओढल्याची खरखर, मग पुन्हा टक.

मध्येच ती थांबली. बाबांनी घसा खाकरला. मी विचारलं की काय झालं, तर वैशाली म्हणाली की नेट स्लो आहे. परत टक, खरखर, टक.

"नागपूर वर हाय ना?" मी विचारलं.

प्रश्न वैशालीला होता. बाबा म्हणाले, "हो माय, वरच हाय."

मग तिनं शेवटचं बटण दाबलं. एकदा ते दाबलं की क्रम बदलता येत नव्हता. बाबांनी मला येताना केळी घेऊन दिली. वाटेत ते नेहमीपेक्षा जास्त बोलत होते, भेंडीबद्दल.

निकालाचा मेसेज आला तेव्हा मी कट्टे शिवत होते. हडंबा चालू होता म्हणून मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. फोननं वाचलं, अकोला, पहिली पसंती. मला वाटलं चुकीचं ऐकलं. पुन्हा ऐकलं. अकोला. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम होता. मी दाभण कट्ट्यात तसंच खुपसून उठले आणि आवाजाच्या अंदाजानं बाबांकडं गेले. हडंब्याजवळ जाऊ नको म्हणून बायका ओरडत होत्या. मी बाबांचा दंड धरला आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

बाबा खोटं पुढं रेटणारे नाहीत. त्यांनी मला बाजूला, आंब्याखाली नेलं आणि सांगितलं. वैशाली नागपूर वर ओढत असताना त्यांनी पडद्यावर बोट ठेवून तिला खुणेनं अकोला वर घ्यायला लावलं होतं. ती थांबली ती त्याचसाठी. तिनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी हात जोडले. बाप हात जोडतोय म्हटल्यावर तिनं ओढलं.

"नागपूरले तुले कोन पाहीन?" ते म्हणाले. "अकोल्याहून एसटीनं संध्याकाळी घरी येशीन. मह्या जिवाले घोर नाई."

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानंतर मी शेतात थांबले नाही, एकटीच घरी आले, पायवाटेनं, हातानं तुरीची ताटं चाचपत. गावाच्या शिवेपर्यंत मागं आईची पावलं येत होती. राहिलेले कट्टे बायकांनी कसेबसे शिवले. त्यांतले काही गाडीवर चढवताना उसवले आणि दाणा रस्ताभर सांडला, असं गावात पुष्कळ दिवस सांगत होते.

मग अकोल्याची वर्षं. सकाळची एसटी, पातूरच्या घाटात कान बंद होणं, कंडक्टरचा ओळखीचा आवाज, संध्याकाळी स्टँडवर सायकल घेऊन उभे असलेले बाबा. रोज. पाऊस असो, ताप असो, ते उभे. त्या सायकलच्या घंटीचा मला राग यायचा आणि ती वाजली नाही तर जीव घाबरा व्हायचा. कॉलेज वाईट नव्हतं. शिक्षक चांगले होते, मैत्रिणी मिळाल्या. नागपूरची खाट दुसऱ्या मुलीला गेली. सुनंदा आधी रोज फोन करायची, मग सणाला करायला लागली. ती आता नागपुरातच नोकरी करते, एकटी राहते. मी वाशीमला वकिली करते आणि माझ्याबरोबर चुलत आत्या राहते, बाबांनी ठेवलेली.

लोक म्हणतात, चांगलंच झालं की. घरच्या घरी शिकलीस, वकील झालीस, नाव कमावलंस. त्यात बापाचं काय चुकलं? या प्रश्नाला उत्तर देताना माझा आवाज चढतो. चांगलं झालं की वाईट हा मुद्दाच नाही. नागपूरला जाऊन मी नापास झाले असते, तर तेही माझं झालं असतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणणाऱ्यांना मला सांगायचं असतं की मी डोळा मागितलाच नव्हता. बटणाला नाव मागितलं होतं.

आणि आणखी एक म्हण आहे, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. अंधशाळा सुटल्यावर गावच्या शाळेत ती फळ्यावर लिहून अर्थ सांगा म्हणायचे तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडं वळायचा, बाकांची करकर व्हायची. तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, त्या म्हणीतल्या आंधळ्या बाईला निदान जात्यापर्यंत तरी जाऊ दिलं होतं.

माझ्याकडं येणाऱ्या पक्षकारांतही हेच ऐकते. एका माणसाचे हात थरथरतात, त्याचं बोट त्या बारक्या चौकटीत बसतच नाही, तोवर वेळ संपते. एका बहिऱ्या बाईला सांगितलं की माहितीचा व्हिडिओ बघा, त्यात सगळं आहे. सगळं होतं, पण बोललेलं होतं, खाली एक ओळ लिहिलेली नव्हती. म्हाताऱ्यांना ती फिकट अक्षरं दिसत नाहीत आणि ते बिचारे समजतात, आपलंच वय झालं. हे सगळे शरमलेले असतात. चूक त्या पानाची आणि मान खाली घालणार हे. मला या शरमेचा सगळ्यांत जास्त राग येतो, कारण ती मीही पुष्कळ वर्षं बाळगली आहे, "सॉरी, मला दिसत नाही" असं म्हणत म्हणत. पायऱ्या बांधताना शेजारी उतार बांधा हे आता निदान कागदावर तरी मान्य आहे. वेबसाइटला उतार बांधायला तर सिमेंटही लागत नाही. बटणाला नाव द्या. चित्राखाली ओळ लिहा. माउसनं होतं ते कळफलकानंही होऊ द्या. कागदाचा फोटो टाकू नका, मजकूर टाका. कायदा आहे. तो मी तोंडपाठ म्हणून दाखवू शकते, दाखवतेही. समोरचे ऐकून घेतात आणि चहा मागवतात.

वैशालीवर मी काही वर्षं धुमसत होते. ती एकदा दिवाळीत फराळ घेऊन आली आणि दारातच रडली. म्हणाली की त्या दिवसापासून ती कुणाचाही पसंतीक्रम ओढताना एकेक नाव मोठ्यानं वाचते. एवढ्याशा पोरीच्या हातात लोकांची आयुष्यं दिली होती आणि समोर एक बाप हात जोडून उभा होता. ताट घेतलं. तिच्या शेवेत ओवा जास्त होता.

बाबांशी मात्र त्या आंब्याखालच्या बोलण्यानंतर हा विषय कधीच निघाला नाही. आम्ही दोघं पिकाबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो, माझ्या केसेसबद्दल ते विचारतात. तो दिवस मात्र आमच्यात असतो, घरात बंद असलेल्या खोलीसारखा, आणि आम्ही दोघंही त्या दारावरून पाय न वाजवता जातो.

परवा सुडी मोडायला घेतली. दुपारी जेवायला हडंबा बंद झाला आणि एकदम सगळं रान ऐकू यायला लागलं. दूर रस्त्यावर एसटीचा हॉर्न, जवळ विहिरीच्या मोटारीचं पाणी दांडातून, म्हणजे पाटातून, जाताना. मी धुऱ्यावर बसून त्या सुगम वेबसाइटची तक्रार फोनला सांगत होते. मी बोलते, फोन लिहितो. "सदर संकेतस्थळावर मला स्वतः अर्ज भरता येत नसून दुसऱ्या व्यक्तीवर विसंबून राहावे लागते," एवढं सांगून झालं होतं. मागं कुणीतरी खाली बसल्याचं कळलं. बिडीच्या वासावरून बाबा.

"अकोल्याचं लिहून राह्यली का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. एका कार्यालयाची नवी साइट आहे, तिचं आहे, असं सांगितलं. त्यांनी बिडीचा एक झुरका ओढला. मग म्हणाले, "तुले दिसत असतं त म्या तवा तसं केलंच नसतं, माय. देवानं डोये दिले असते त हे काईच झालं नसतं."

इतक्या वर्षांनी ते दार त्यांनीच ढकललं होतं. आणि दोष मात्र देवावर ढकलत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"दिसाची गरजच नोती, बाबा," मी म्हणाले. "त्या पानानं बोलाले पाह्यजे होतं. हा फोन आता बोलून राह्यला ना, तसं. अकोला वर गेलं असं ते बोललं असतं त म्या तिथंच म्हनलं असतं, वैशाली, नागपूर वर घे."

"पान बोलते?"

"बोलते. बनवनाऱ्यानं मनावर घेतलं त बोलते."

मी फोन त्यांच्या हातात दिला. एका नीट बनवलेल्या वर्तमानपत्राची वेबसाइट उघडून त्यांचं बोट धरून पडद्यावर फिरवलं. फोन बातम्यांचे मथळे वाचू लागला, बटणांची नावं सांगू लागला. मग ती सुगम वेबसाइट उघडली. त्यांचं बोट फिरत राहिलं. बटन. बटन. ग्राफिक. बटन. शेतात काम केलेलं जाड बोट, ते एका जागी थांबलं.

बाबा म्हणजे रोज भाजी विकणारा माणूस, व्यवहारात कुणाच्या बापाचं न ऐकणारा. पण इतकी वर्षं त्यांची समजूत होती की तो पडदा आपल्या पोरीसाठी दगडच असणार, आणि तो दगड कुणी ठेवलेला नाही, तो तिथं आहेच. कुणीतरी खुर्चीवर बसून तो तसा केला, दुसरा करता येत असताना केला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मी त्यांच्यावर रागावण्यात इतकी गुंतले होते.

"मंग ते काहून नाई बोललं तवा?" त्यांनी विचारलं.

हेच मी मोठमोठ्या कलमांसकट कार्यालयांना विचारत असते. मी म्हणाले, "मह्यासारखं कोनी येईन असं त्यायले वाटलंच नाई."

हडंबेवाल्यानं हाक मारली. बाबा उठले नाहीत. त्यांनी फोन माझ्या हातात परत ठेवला, पण माझा हात सोडला नाही.

"मह्यं नाव टाक त्यात."

मी समजावलं की बाबा, हे प्रकरण वेगळं आहे, त्या कार्यालयाचा अकोल्याशी काही संबंध नाही, वकील म्हणून मला असं काही जोडता येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"असू दे येगळं," ते म्हणाले. "लिही. म्या मह्या पोरीशी खोटं बोललो. अन् ते खपलं, काहून का त्या पानाले तोंड नोतं."

हडंबा सुरू झाला. आता एवढ्या आवाजात फोनला काही ऐकू जाणार नव्हतं. मी बाबांचा हात धरला, आम्ही दोघं धुऱ्याधुऱ्यानं विहिरीपर्यंत लांब चालत गेलो, आवाज मागं पडेपर्यंत. तिथं मी फोन त्यांच्या तोंडापुढं धरला आणि सांगितलं, पुन्हा बोला, सावकाश. ते बोलले.